वजन बेताचे, पण पोट सुटलेले आणि सीआरपी वाढलेले: चरबीतला दाह हे कारण की परिणाम?

प्रश्नकर्ता: गोदाकाठ

नुकत्याच झालेल्या वार्षिक तपासणीतले आकडे असे आहेत: वय ४६, उंची १६८ सेंमी, वजन ६७ किलो, कमरेचा घेर ९५ सेंमी, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचएस-सीआरपी (दाहाचा निर्देशक असलेले रक्तातले प्रथिन) ४.२, आणि सोनोग्राफीत यकृतावर पहिल्या श्रेणीची चरबी. मला आजवर कोणी लठ्ठ म्हटलेले नाही. व्यायामशाळेतल्या आहारसल्लागारांच्या मते माझ्या शरीरात दाह (इन्फ्लमेशन) आहे, तोच सगळ्याचे मूळ आहे आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊन तो उतरवला की साखरही उतरेल. चरबीमुळे दाह होतो हे कितपत सिद्ध झाले आहे, दाह आधी की इन्सुलिनला होणारा प्रतिरोध (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे) आधी, आणि एवढ्या वजनाला हे का व्हावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

प्रतिसाद: वैद्यकीय वाचक

आधी त्या एका आकड्याविषयी. एचएस-सीआरपी लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर हृदयविकाराच्या दृष्टीने धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असे मानतात. १० च्या वर गेल्यास जंतुसंसर्गासारखे दुसरे कारण शोधतात. सर्दी-ताप, दुखापत, एखादी लस, यांपैकी काहीही त्या सुमारास झाले असल्यास हा आकडा चढतो, त्यामुळे काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घेतल्याशिवाय ४.२ वरून काही ठरवू नये.

चरबीचा आणि दाहाचा संबंध मात्र पक्का आहे. १९९३ मध्ये गोखन होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवून दिले की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहजनक प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होते, आणि ते निष्प्रभ केले की त्या प्राण्यांमध्ये इन्सुलिन अधिक चांगले काम करू लागते. २००३ मध्ये यामागच्या पेशीही सापडल्या: चरबीपेशी प्रमाणाबाहेर फुगतात, त्यांतल्या काही मरतात, आणि मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या भक्षक पेशी, कडे करून बसतात. सडपातळ माणसाच्या चरबीत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असते. लठ्ठ माणसात ते चाळीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. त्यांच्याकडून निघणाऱ्या संदेशांमुळे पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप पुढे नेणारी साखळी पहिल्या काही कड्यांतच अडखळते. मग चरबीतून मेदाम्ले (फॅटी ॲसिड) मोकाट सुटून यकृतात पोहोचतात, तिथे त्यांची ट्रायग्लिसराइड बनतात, आणि चरबीतून आलेल्या इंटरल्यूकिन-६ या दाहाचा संदेश नेणाऱ्या प्रथिनामुळे तेच यकृत सीआरपीही तयार करते. तुमच्या अहवालातले तीन आकडे आणि सोनोग्राफीचा शेरा एकमेकांना असे जोडलेले असू शकतात.

प्रतिसाद: मुळा-मुठा

‘एवढ्या वजनाला का’ याचे उत्तर पुण्यात बरेच शोधले गेले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली तेव्हा आपली बाळे वजनाने बरीच कमी भरली. स्नायू कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे ही ठेवण गर्भापासूनची आहे, पन्नाशीतल्या खाण्यापिण्याने आलेली नव्हे.

भारतीयांसाठी हा इंडेक्स २३ पासून पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, तर कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंमी आहे. तुमचा इंडेक्स २३.७ येतो आणि कंबर मर्यादेच्या पुढे आहे. त्वचेखाली चरबी साठवायची क्षमता लवकर संपली की ती पोटातल्या अवयवांभोवती आणि यकृतात जाऊ लागते, हे यामागचे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याकडे अधिक खरे सांगते.

प्रतिसाद: संशयात्मा

यंत्रणा सुंदर आहे. पण तीवरून ‘दाह उतरवा, साखर उतरेल’ असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे, कारण तो प्रयोग माणसांवर होऊन गेला आहे. टीएनएफ रोखणारी औषधे मधुमेही रुग्णांना दिली, तेव्हा दाहाचे निर्देशक उतरूनही इन्सुलिनची परिणामकारकता लक्षणीय सुधारली नाही. इंटरल्यूकिन-१ हे दुसरे दाहजनक प्रथिन रोखणाऱ्या अनाकिन्रा या औषधाने २००७ मध्ये साखर थोडी उतरवली. त्याच मार्गावरच्या कॅनाकिनुमॅबची चाचणी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर झाली. सीआरपी घटले, पुढचे झटकेही घटले, मधुमेह मात्र टळला नाही. ॲस्पिरिनच्या कुळातल्या सॅल्सलेटने २०१३ च्या चाचणीत एचबीए१सी जेमतेम ०.३७ ने उतरवले. सीआरपी हे स्वतः गुन्हेगार असल्याचेही दिसत नाही, कारण ज्यांचे सीआरपी जन्मतःच जनुकांमुळे जास्त असते त्यांना हृदयविकार त्या प्रमाणात अधिक होत नाही.

कॅप्सूलविषयी स्पष्टच लिहितो: आमटीतली हळद खुशाल खा, पण शोषण वाढवण्यासाठी मिऱ्याचा अर्क घातलेल्या, तीव्र मात्रेच्या हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेसह अनेक देशांत आहेत. ज्याच्या यकृतावर आधीच चरबी आहे त्याला हा सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

प्रतिसाद: वैद्यकीय वाचक

संशयात्मा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. उलट त्यांच्या बाजूने आणखी एक पुरावा देतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या केवळ चरबीतला दाह जनुकीय बदलाने रोखला. उंदीर निरोगी होतील अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात चरबीची सुदृढ वाढ खुंटली, मेद यकृतात साचला आणि साखरेचे नियमन बिघडले. साठवण वाढवताना जुनी मांडणी मोडून नवी करावी लागते आणि त्या कामात थोडा दाह उपयोगीच असतो. तेव्हा ‘आधी कोण’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही: जादा चरबीमुळे दाह सुरू होतो, तो प्रतिरोध वाढवतो, प्रतिरोधामुळे चढलेले इन्सुलिन आणि मेदाम्ले दाहाला पुन्हा खतपाणी घालतात. उपचार करायचा तो या चक्राला सतत इंधन पुरवणाऱ्या पोटातल्या चरबीवर.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. कॅप्सूल बंद करतो. एकच शंका उरते: ६७ किलोच्या माणसाने वजन उतरवायचे तरी किती? सकाळी फिरायला जातो, पण नंतरचा दिवस खुर्चीत जातो, आणि चेहरा उतरला की घरचे लगेच काळजीत पडतात.

प्रतिसाद: मुळा-मुठा

अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या चाचणीत सात टक्के वजन घटवण्याचे उद्दिष्ट होते आणि जीवनशैली बदलणाऱ्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला, हे सर्वत्र सांगितले जाते. तुमच्यासाठी त्याहून बोलकी चाचणी चेन्नईची आहे. डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजन फारसे न उतरता. तीन-चार किलो गेले तर उत्तमच, पण नजर कंबरेवर असू द्या. नुसत्या फिरण्यावर न थांबता आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर किंवा वजने असा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. आपल्याकडे स्नायूच मुळात कमी असल्याने त्याचा लाभ अधिक.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या इंटरल्यूकिन-६ ला आपण इथे दोष देतो आहोत तेच व्यायामाच्या वेळी स्नायूंतून रक्तात येते, आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये औषधाने त्याला अडवले तेव्हा सायकल चालवूनही लोकांची पोटातली चरबी घटली नाही.

प्रतिसाद: दंतवैद्य, कोल्हापूर

सीआरपीच्या फेरतपासणीआधी हिरड्या तपासून घ्याव्यात, असे सुचवते. ब्रश करताना रक्त येणे, दात किंचित हलणे, हे आपण वर्षानुवर्षे चालवून घेतो. पण हिरड्यांचा जुना विकार सीआरपी वाढवू शकतो, आणि मधुमेही रुग्णांत त्यावर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांनंतरचा एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरलेला आढळतो. हा लाभ मधुमेह जडलेल्यांमध्ये तपासलेला आहे, त्यामुळे तुमची साखर तेवढी उतरेलच असे नाही; मात्र ४.२ मधला काही वाटा तोंडातून येत असल्यास तो कळेल आणि फेरतपासणीतला आकडा चरबीविषयी अधिक खात्रीने काही सांगू शकेल.