सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पोलिसांना देताना काय काळजी घ्यावी?

पार्किंग_बी_विंग
पार्किंगमधून स्कूटर चोरीला गेली. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) 8 कॅमेऱ्यांचा, डिस्क 2 टीबी. पोलिसांनी 22:00 ते 23:30 चं फुटेज पेनड्राइव्हवर मागितलंय, सोबत 'कलम 63 चं प्रमाणपत्र'. सेक्रेटरींनी मॉनिटरचं मोबाइलवर शूटिंग करून ठेवलंय, तेवढं पुरेल का? डीव्हीआरचं घड्याळही पुढे आहे, ते आधी नीट करायचं का?

तिसरा_चॅनल
घड्याळाला आत्ता हात लावू नका. मागे घेतलंत तर तेवढ्या मिनिटांचं रेकॉर्डिंग दुबार होतं आणि शोधताना घोळ होतो. त्याऐवजी डीव्हीआरची वेळ आणि नेटवर्कवर चालणारं मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या आणि लिहून ठेवा: डीव्हीआर 22:47, प्रत्यक्ष 22:36, म्हणजे 11 मिनिटं पुढे. मग खऱ्या 22:00 ते 23:30 साठी डीव्हीआरवर 22:11 ते 23:41 शोधावं लागेल. इथेच बहुतेक जण चुकतात, आणि नेमका चोर दिसणारा तुकडा कॉपीत येत नाही. दोन्हीकडे अर्धा तास जास्तीचा घ्या.

कॉपी आजच काढा. कॅमेऱ्यामागे रेकॉर्डिंगचा वेग 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट) धरला तर दिवसाला साधारण 21.6 जीबी, आठांचे 173 जीबी. 2 टीबी साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवीन चढतं.

मोबाइलचं शूटिंग पुरणार नाही. नंबरप्लेट वाचता येत नाही आणि मूळ फाइलची काहीच माहिती त्यात उरत नाही. डीव्हीआरच्या बॅकअप मेनूतून त्याच्याच फॉरमॅटमध्ये काढा, प्लेअरही सोबत द्या. एमपी4 करायच्या फंदात पडू नका. एफएटी32 या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून तुकडे पडतील. सगळे द्या. व्हॉट्सॲपवरून तर मुळीच पाठवू नका, व्हिडिओ दाबला जातो.

चौसष्ट_अक्षरं
कॉपी निघाल्या निघाल्या प्रत्येक फाइलचा हॅश काढा, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा 'बोटाचा ठसा'. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' काही न सांगता एसएचए-256 च देतो, 64 अक्षरांचा. फाइलचं नाव बदललं तरी हॅश तोच राहतो, पण एक सेकंद जरी कापला तरी पूर्ण वेगळा येतो. म्हणून 'फक्त कामाचा भाग' कापून देऊ नका. एक कॉपी सोसायटीकडे सीलबंद ठेवा.

पार्किंग_बी_विंग
एका सभासदाचं म्हणणं, डिस्क काढून पीसीला लावली की काम लवकर होईल.

चौसष्ट_अक्षरं
अजिबात नको! डीव्हीआरची फाइल सिस्टीम बहुधा विंडोजला ओळखता येत नाही, मग 'डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारलं जातं. एक चुकीचं 'हो' आणि कुठलं रेकॉर्डिंग कुठे आहे ती अनुक्रमणिका गेली. प्रयोगशाळेत डिस्क राइट-ब्लॉकरमधून (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) जोडतात, पूर्ण इमेज म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत घेतात आणि काम इमेजवर करतात. चुकून फॉरमॅट झालीच तर डीव्हीआर लगेच बंद करा. डेटा बराचसा जागेवर असतो, पण वर नवीन रेकॉर्डिंग चढलेला भाग परत येत नाही.

मुद्देमाल
प्रमाणपत्राबद्दल. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब ची जागा त्याच्या कलम 63 ने घेतली आणि नमुना अनुसूचीतच दिलाय. भाग अ डीव्हीआर ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, म्हणजे सेक्रेटरी किंवा अधिकृत पदाधिकारी. त्यात मेक, मॉडेल, सीरियल नंबर, यंत्र नीट चालू होतं का, हॅश आणि तो कुठल्या पद्धतीचा, तारीख, 24 तासी वेळ. घड्याळाचा फरकही लेखी कळवा, लपवू नका. भाग ब तज्ज्ञाचा, तिथे सेक्रेटरींनी सही करायची नाही.

हे ऐच्छिक समजू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जुन्या कायद्याखाली स्पष्ट केलं की कॉपी द्यायची तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही.

पोलिसांकडून लेखी मागणी घ्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 ची, आणि पेनड्राइव्ह देताना पोचपावतीवर हॅश लिहून घ्या. डीव्हीआरच जप्त करणार असतील तर पंचनाम्यात त्याचा आणि आतल्या डिस्कचा, दोन्ही सीरियल नंबर आहेत ना ते तिथेच वाचून बघा.