तो खोडलेला मेसेज

'सर्चिंग' या चित्रपटात (२०१८) सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच घडतं, त्यामुळे भावना पोचत नाहीत, असं काहीजण म्हणतात. मला अगदी उलट वाटलं.

सुरुवातीची काही मिनिटंच बघा. आजारी आई घरी येणार म्हणून कॅलेंडरवर नोंद होते. मग ती तारीख पुढे सरकवली जाते, आणि शेवटी नोंदच पुसली जाते. संवाद नाही, रडारड नाही, तरी माझ्या घशाशी आवंढा आला. पुढे बाप मुलीला मेसेज करताना 'आईलाही अभिमान वाटला असता' अशा अर्थाचं काही टाइप करतो, थांबतो, आणि खोडून टाकतो. समोरासमोरच्या प्रसंगात मनातलं हे मागे फिरणं असं दाखवता आलं असतं का? इथे नुसता कर्सर लुकलुकतो आणि सगळं कळतं.

बाप झालेल्या जॉन चोचं काम सुरेखच आहे, पण चित्रीकरण उरकलं १३ दिवसांत, संकलनाला मात्र वर्षाहून जास्त लागलं. म्हणून निक जॉन्सन आणि विल मेरिक या संकलकांचं नाव आधी घ्यायला हवं. (पुढचा चित्रपट 'मिसिंग' त्यांनीच दिग्दर्शित केला.)

शेवट इथे फोडत नाही. पुन्हा बघितलात तर तो खोडलेला मेसेज तेवढा लक्षात ठेवा.