कॉलेजने ‘ज्ञान-भागीदार’ गाठून नोकरदारांसाठी पदवी सुरू करावी का?

कॉमर्सवाली

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात मी वीस वर्षं अकाउंट्स शिकवतेय. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण संस्थेतले निम्मे लोक इथे टोपणनावाने वाचत असतात. (दादा म्हणजे आमचे संस्थाचालक. वाचत असाल तर नमस्कार.)

विषय असा. बी.कॉम.च्या १२० जागांवर यंदा ६८ मुलं आली आणि संस्थाचालकांच्या पोटात गोळा आला. नेमकी त्याच सुमारास पुण्याहून एक सल्लागार कंपनी आली. दोन तरुण, दोघांच्या अंगात एकाच रंगाची जॅकेटं, तीही भर उन्हाळ्यात. योजना अशी की परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाची ऑनलाइन बी.कॉम. आणि एम.बी.ए. ‘आपल्या कॉलेजच्या सहयोगाने’ नोकरदार मंडळींना द्यायची. जाहिरात, फोन, प्रवेश, ॲप सगळं कंपनी बघणार, पदवी विद्यापीठ देणार. आम्ही काय द्यायचं? नाव, दोन खोल्या, एक समन्वयक (म्हणजे अस्मादिक) आणि गेल्या पंधरा वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांची फोन नंबरांसह यादी.

फी वर्षाला ३०,०००. त्यातले ५० टक्के कंपनीला, ३५ विद्यापीठाला, १५ आम्हाला. म्हणजे डोक्यामागे ४,५०० रुपये. दादांनी तिथल्या तिथे ३०० विद्यार्थ्यांनी गुणलं, कॅल्क्युलेटरही काढला नाही.

करार ३४ पानांचा, इंग्रजीत. ताळेबंदाच्या तळटीपा आधी वाचायची खोड असल्याने मी तो शेवटून वाचायला घेतला. मुदत सात वर्षं. या सात वर्षांत आम्ही स्वतः किंवा दुसऱ्या कुणाबरोबर तसला अभ्यासक्रम काढायचा नाही. विद्यार्थ्यांची जमा झालेली सगळी माहिती कंपनीच्या मालकीची. तक्रार आली तर मात्र पहिलं उत्तर ‘स्थानिक ज्ञान-भागीदारा’ने, म्हणजे आम्ही, द्यायचं. आणि ‘फ्रँचायझी’ हा शब्द ३४ पानांत एकदाही येत नाही, पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या तसा.

बैठकीत आमचे शिपाई मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. स्लाइड बदलत होत्या, चहावर साय धरत होती आणि मामा जागचे हलत नव्हते. नंतर जिन्यात मला म्हणाले, “मॅडम, ही पदवी आपल्याला जमंल का? क्लार्कची जागा निघाली की पदवी मागत्यात.” मामांचं वय ४४.

म्हणून विचारतेय. गरज खोटी नाही. पतसंस्थेचे पिग्मी एजंट, महावितरणची कंत्राटी पोरं, अंगणवाडी सेविका, सगळे येऊन विचारतात. हे असलं कायद्यात बसतं का? कुणी आतून पाहिलंय का? की मीच जुन्या वळणाची म्हणून उगाच कुसळं काढतेय? पुढच्या महिन्यात महाविद्यालय विकास समितीची बैठक आहे आणि मला ‘सकारात्मक टिपण’ लिहायला सांगितलंय.

आरएनआर

ताई, मी आतून पाहिलंय. दोन वर्षं अशाच एका कंपनीत ‘ॲकॅडमिक काउन्सेलर’ होतो. नावात ॲकॅडमिक, काम टेलिकॉलिंगचं. माझं टोपणनाव तिथलंच आहे. फोन वाजतोय पण समोरचा उचलत नाही, तेव्हा हा शेरा टाकायचा आणि दोन तासांनी पुन्हा लावायचा. एकेका नंबरावर दहा-दहा वेळा.

तुमच्या त्या यादीकडे नीट बघा. सगळा धंदा तिच्यात आहे. अनोळखी फोन लोक कापतात. पण ‘तुमच्या कॉलेजातून बोलतोय’ म्हटलं की माणूस बसल्या जागी सावरून ‘हां सर, बोला’ म्हणतो. त्या ‘हां सर’चे ते तुम्हाला १५ टक्के देतायत.

एक किस्सा सांगतो, माझ्या अजून डोक्यातून जात नाही. मराठवाड्यातले एक एसटी वाहक होते, चाळिशीतले. त्यांनी मला एकच प्रश्न तीन वेळा विचारला, “सर, पुस्तकं मराठीत मिळतील ना?” स्क्रीनवर या प्रश्नाचं छापील उत्तर होतं की आपली शिकण्याची पद्धत तंत्रज्ञानावर आधारित आहे, भाषेचा अडसर येत नाही. मी तेच वाचलं. महिन्याचं टार्गेट दोन प्रवेशांनी अडलं होतं. त्यांनी पाच हजार भरून ‘सीट ब्लॉक’ केली, उरलेल्या फीचं हप्त्यांवर कर्ज झालं. कर्ज वित्तकंपनीचं असतं, विद्यापीठाचं नाही, हे मी सांगितलं, पण घाईत. दोन महिन्यांनी रात्री डेपोतून त्यांचा फोन आला. व्हिडिओतलं इंग्रजी कळत नाही, सोडायचंय. मागे एसटी रिव्हर्स घेतल्याची शिट्टी ऐकू येत होती. शिक्षण सुटलं, हप्ता सुटला नाही. त्यांनी मला एक शिवीही दिली नाही, हे जास्त लागलं.

सगळ्याच कंपन्या अशा असतात असं म्हणणार नाही. पण प्रवेशामागे पैसे मिळणारा माणूस ‘तुम्हाला हे झेपणार नाही’ असं कधीच सांगू शकत नाही. तो नालायक असतो असं नाही, त्याच्या पगारात ते बसत नाही.

निवृत्त संयोजक

ताई, कायद्याचं आधी उरकतो. पदवी द्यायचा अधिकार यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे विद्यापीठाचा. तुमचं कॉलेज संलग्न, त्यामुळे तुम्ही स्वतः काढूच शकत नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे २०२० चे विनियम फ्रँचायझी पद्धतीला स्पष्ट मनाई करतात. जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढून पुन्हा बजावलं, कारण काही एडटेक कंपन्या विद्यापीठांच्या नावाने वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर पदव्यांच्या जाहिराती करत होत्या. शब्द टाळला म्हणून व्यवहार बदलत नाही. दूरस्थ पदवीला अभ्यासकेंद्र असतं, पण विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातच. ऑनलाइन पदवी देशभर कुणालाही घरबसल्या घेता येते, मग तिला तुमच्या दोन खोल्या लागतात कशाला, हे जॅकेटवाल्यांना विचारा.

एक गैरसमज मात्र नको. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, हे यूजीसीने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. दोष पदवीत नाही, दलालीत आहे. यूजीसीच्या डीईबीच्या (दूरस्थ शिक्षण विभागाच्या) संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला कोणत्या सत्रासाठी मान्यता आहे ते दिसतं. बी.कॉम.ला आहे म्हणून एम.बी.ए.ला असेलच असं धरू नका.

आता अनुभवाचं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. मी त्याचं अभ्यासकेंद्र एका बाजाराच्या गावी चौदा वर्षं सांभाळलं. संपर्कसत्र रविवारी, आणि आमचा आठवडी बाजारही रविवारी. बायका भाजी विकून अकराला यायच्या, तोवर अर्थशास्त्राचा तास अर्धा संपलेला. पहिल्या वर्षी मी हजेरीवरून चिडचिड केली. दुसऱ्या वर्षी तास दुपारी दोनला घेतला आणि वर्ग भरला. एवढं साधं होतं, पण हे कळायला गावात राहावं लागतं. कॉल सेंटरच्या स्क्रीनवर बाजाराचा दिवस नसतो.

आमचंही सगळं आलबेल नव्हतं. पुस्तकांचे गठ्ठे उशिरा यायचे, निकालातल्या चुकांसाठी नाशिकला खेटे व्हायचे, आणि केंद्राचा फोन मी सोडून कुणी उचलत नसे. गृहपाठ तर काही जण शेजारच्याचा जसाच्या तसा उतरवून आणायचे, नावासकट. म्हणून बाहेरच्या मदतीलाच माझा विरोध आहे असं समजू नका.

अवांतर: मामांची बारावी झालीय का?

ओहायोकर

काकांना +१. इथे ओहायोत एका लहान खासगी कॉलेजात रजिस्ट्रारच्या कचेरीत काम करतो. तुमच्या जॅकेटवाल्यांचे आजोबा अमेरिकेतच भेटतील.

जॉन स्पर्लिंग नावाचे सॅन होझेचे प्राध्यापक. सत्तरच्या दशकात पोलीस आणि शिक्षकांना शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की कमावत्या माणसांना संध्याकाळचे, झटपट, पदवी पुरी करून देणारे वर्ग हवेत. त्यांनी कंपनी काढली आणि ती पैशाच्या अडचणीत असलेल्या कॉलेजांना हे वर्ग चालवून देऊ लागली, पहिलं युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. कॅलिफोर्नियातल्या मूल्यांकनवाल्यांशी वाजलं, तसे ते ॲरिझोनाला गेले आणि १९७६ मध्ये स्वतःचंच युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स उभं केलं. म्हणजे कॉलेजांच्या नावावर धंदा शिकून पुढे त्याच गिऱ्हाइकासाठी स्पर्धक! सात वर्षांनी माहिती कुणाकडे राहणार, हा तुमचा प्रश्न कुसळ नाही, मुसळ आहे.

प्रवेशामागे कमिशन द्यायला इथे १९९२ पासून बंदी आहे. पण २०११ मध्ये शिक्षण खात्याने खुलासा केला की जाहिरात, तंत्रज्ञान वगैरे सेवांचा गठ्ठा घेतला तर फीतला वाटा देता येईल. त्या फटीतून अख्खा उद्योग आत शिरला. टू-यू ही त्यातली नावाजलेली कंपनी. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.एस.डब्ल्यू.च्या फीतला साधारण ६० टक्के वाटा तिचा होता. फी एवढी की समाजकार्याच्या पगारावर कर्ज फेडता फेडता लोकांच्या नाकी नऊ आले. २०२३ मध्ये दोघांची बहुतेक भागीदारी संपली, जुलै २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच वर्षी मिनेसोटाने सरकारी कॉलेजांना नव्या करारांत असा फीचा वाटा द्यायला मनाई केली.

आमच्या कॉलेजचा अशाच एका कंपनीशी दहा वर्षांचा करार होता. माझ्या टेबलावर त्याचा अर्थ असा व्हायचा. तिशी-चाळिशीची माणसं तीन-चार कॉलेजांची जुनी गुणपत्रकं घेऊन येतात, त्यातलं काय धरायचं हे आम्ही तपासतो. एका बाईंची सात गुणपत्रकं होती, एक कॉलेज तर बंदच पडलेलं. तिथला अभ्यासक्रम काय होता हे शोधायला मला नऊ दिवस लागले. कंपनीचा नियम ४८ तासांचा, कारण तोवर गिऱ्हाईक थंड होतं. रोज लाल रंगातलं स्मरणपत्र यायचं. घाईने केलं असतं तर त्या बाईंचं एक अख्खं सत्र जादा झालं असतं, आणि फीसुद्धा. करार संपला तेव्हा चौकशा केलेल्यांची यादी कंपनीकडेच राहिली, आम्ही कोऱ्या वहीवर सुरुवात केली.

आता आम्ही कामागणिक पैसे देतो. वेबसाइट बनव, इतके पैसे घे. जाहिरात कर, इतके घे. विद्यार्थ्याशी बोलायचं काम मात्र आमच्याच पगारावरच्या दोन बायका करतात. प्रवेश कमी झालेत, हेही खरं. तुमच्या दादांना ते आवडणार नाही.

कॉमर्सवाली

सगळ्यांचे आभार. बैठक झाली, म्हणून धागा वर काढतेय.

टिपण लिहिलं, सकारात्मक नव्हतं. काकांचा दोन खोल्यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. जॅकेटवाले म्हणाले, “मॅम, लोकांना फिजिकल टचपॉइंट आवडतो.” मग मी विचारलं की हा टचपॉइंट विद्यापीठाच्या मान्यतेच्या कागदात दाखवा. त्यातला एक ‘मेल करतो’ म्हणाला. तीन आठवडे झाले. यादीबद्दल मी फक्त एवढंच म्हटलं की आपल्या कॉलेजला प्रवेश घेताना मुलांनी नंबर दिला होता, विकायला नव्हे, आणि आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. एक सदस्य म्हणाले, “आमच्या सुनेचाही नंबर असंल की त्यात.” यादी तिथेच थांबली. आरएनआर, तुमची एसटीची गोष्ट सांगितली, नाव-गाव न घेता. दादा बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

करार फेटाळलेला नाही, ‘पुढील बैठकीत’ ढकललाय. ६८ चा आकडा काही बदललेला नाही आणि तेरा लाखांचा मोह मलाही कळतो, आमच्या प्रयोगशाळेचं छत गळतंय. मुक्त विद्यापीठाच्या केंद्राची चौकशी करायला मला नाशिकला पाठवणार आहेत. काका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

निवृत्त संयोजक

व्यनि पाहिला, उत्तर देतो. जाताना कॉलेजचं संलग्नतेचं पत्र आणि शिक्षकांची यादी घेऊन जा, नाहीतर परत यावं लागेल. मामांचं सांगितलं नाहीत.

कॉमर्सवाली

काका, तुमच्या त्या एका ओळीने सगळं उघडं पडलं. मामांची अकरावीनंतर शाळा सुटली होती. त्यांना पदवीला प्रवेशच मिळाला नसता, आणि बैठकीत दोन तास कुणाला हे विचारायचं सुचलं नाही, मलासुद्धा. आमच्याच ज्युनिअर विंगमधून त्यांचा बारावीचा सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरलाय. दहावीचं मूळ प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडलं.

परवा मामांनी विचारलं, इंग्रजीचा पेपर पहिलाच असतो का. म्हटलं, हो. “शेवटाला न्हाय ढकलता येत?” म्हणाले.