ऑक्टाव्हिया आरएस २३०: आधी रीमॅप, की आधी इंटरकूलर?

मावळवाट (पुणे)

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची ऑक्टाव्हिया आरएस २३०, ६२,००० किमी, सगळं मूळ फिटिंग. डीएसजी गिअरबॉक्सचं ऑइल ५८,००० ला बदललंय, पेट्रोल कायम ९५ ऑक्टेन. रोजचं ऑफिस, महिन्यातून एकदा ताम्हिणी किंवा आंबा घाट, वर्षातून दोन ट्रॅक डे, असा वापर.

सकाळच्या गारव्यात गाडी सणसणीत ओढते. एप्रिलच्या दुपारी मात्र तिसऱ्या-चौथ्यांदा पूर्ण पेडल दिलं की साडेचार हजार आरपीएमच्या वर दम जातो. चेक लाइट लागत नाही. बजेट साडेतीन लाख. मनात आहे ते असं: थेट स्टेज २, म्हणजे डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि फाइल (ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, बदललेलं सॉफ्टवेअर), आणि जमलं तर मोठा आयएस३८ टर्बो. गिअरबॉक्सला हे झेपेल का? कुठून सुरुवात करू?

चौथा_गिअर

टर्बोचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही सांगताय ती लक्षणं टर्बो लहान असल्याची नाहीत. एक तर हवा तापतेय, नाहीतर कुठून तरी गळतेय, किंवा दोन्ही. अशा गाडीवर रीमॅप, म्हणजे नवी फाइल, चढवला तर ईसीयू जास्त बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) मागेल, तुमचा मूळ टर्बो आयएस२० ते द्यायला जास्त वेगाने फिरेल, हवा आणखी तापेल आणि नॉक (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) ओळखणारा सेन्सर इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे खेचेल. पैसे जातील आणि दुपारी गाडी आजच्याइतकीच पळेल.

पुण्याची एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. ईसीयू बूस्टची मागणी निरपेक्ष दाबात, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, करतो. समजा फाइल २,४०० मिलिबार मागतेय. समुद्रकिनारी बाहेरचा दाब १,०१० च्या आसपास, म्हणजे टर्बोला हवा २.३८ पट दाबायची आहे. पुण्यात बाहेर साधारण ९५० असतो, तिथे २.५३ पट. महाबळेश्वरला ८६५ च्या आसपास, तिथे २.७७ पट. फाइल तीच, पण घाट चढाल तसा टर्बो जास्त राबतो.

त्याचा उष्णतेशी थेट संबंध आहे. ४० अंशांची हवा २.५३ पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून हवा १७५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. वरच्या आरपीएमला कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली की तीच हवा २०० ला टेकते. हे सगळं तापमान इंटरकूलरने (इंजिनात जाणारी हवा निववणारा भाग) उतरवायचं, आणि या गाडीत तो एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये बसलेला असतो. भर उन्हात एसी चालू असेल तर त्याच्या तोंडावर येणारी हवा आधीच गरम असते.

म्हणून पहिलं काम लॉग, म्हणजे गाडी ओढत असताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद. व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन यांपैकी कुठलाही स्कॅनर चालेल. चॅनेल मोजकेच निवडा, जास्त घेतले की नोंदी विरळ होतात आणि नेमका बिघाड दोन नोंदींच्या मधे निसटतो. आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) स्थिती, इनटेक हवेचं तापमान, चारही सिलिंडरचं इग्निशन किती मागे गेलं, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब. एवढं पुरे. गिअर मॅन्युअलमध्ये चौथा लावा, किकडाउनचा खटका दाबू नका, २,००० ते ६,३०० एक सलग ओढ. चौथ्या गिअरला हा वेग रस्त्यावरचा नाही, त्यामुळे डायनो (गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून ताकद मोजणारं यंत्र) किंवा ट्रॅकच. लागोपाठ तीन ओढी घ्या, मधे दोन-दोन मिनिटं. पहिल्या ओढीत सगळ्याच गाड्या शहाण्या दिसतात, खरं काय ते तिसरीत कळतं.

कोल्हापुरी_पिस्टन

वरच्या सगळ्याशी सहमत. लॉगच्या आधी गॅरेजमधली तपासणीही उरकून घ्या, तासाभराचं काम आहे.

गाडी आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढा. झाकण जोरात ओढलं जात असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकला नेणारी झडप) पडदा फाटलाय. मग इंजिन न मोजलेली हवा ओढतं आणि मिश्रण बिघडतं. नंतर कूलंट बघा. तुमच्या ईए८८८ इंजिनच्या तिसऱ्या पिढीत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग हा ओळखीचा कच्चा दुवा आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा, गुलाबी-जांभळी पापुद्री दिसली तर तिथून झिरपतंय. टाकीतली पातळी सहा महिन्यांत बोटभर उतरली तरी दुर्लक्ष नको. नळाचं पाणी घालून चालवू नका.

स्पार्क प्लग नवे घाला. मूळ फाइलवर मूळ ग्रेड ठीक. रीमॅपनंतर एक पायरी थंड ग्रेड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग), गॅप ०.६ ते ०.६५ मिमी. कारण साधं आहे: सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप ०.८ असेल तर पूर्ण बूस्टला ठिणगी विझते आणि गाडी मिस मारते. लोक मग कॉइल बदलत बसतात. गॅप कमी करताना बाहेरचा दांडाच वाकवायचा, मधल्या इरिडियमच्या टोकावर जोर दिला की प्लग कामातून गेला.

ऑइल ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगन ५०२ ०० मंजुरीचं, फिल्टरसकट ५.७ लिटर. ट्यून केलेल्या गाडीला ७,५०० किमीच्या पुढे ताणू नये असं माझं मत आहे. मॅन्युअल जास्त सांगतं, पण ते मूळ ताकदीला धरून.

दर्यावर्दी (मडगाव)

गिअरबॉक्सचं बोलतो. तुमचा डीक्यू२५० आहे, ओल्या क्लचचा सहा गिअरी. ७ गिअरच्या सुक्या क्लचच्या डीएसजीशी त्याची गल्लत करू नका, हा बराच दणकट आहे. तरी गाडीचा मूळ टॉर्क ३५० न्यूटन मीटर, आणि क्लचवरचा दाब गिअरबॉक्सचा संगणक त्याच हिशेबाने ठरवतो. इंजिन ४२० देऊ लागलं आणि गिअरबॉक्सला ते सांगितलंच नाही तर क्लच घसरतो, आणि घसरलेला ओला क्लच स्वतःचंच ऑइल जाळतो. म्हणून इंजिनच्या फाइलबरोबर टीसीयूची, म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकाची, फाइल घ्याच. शिफ्ट किती झपाट्याने पडतात याला मी महत्त्व देत नाही, क्लचचा दाब वाढणं महत्त्वाचं.

घसरण लॉगमध्ये दिसते: इंजिनचा आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आरपीएम शेजारी ठेवा. गिअर पूर्ण लागल्यावर दोन्ही रेषा एकमेकींवर बसायला हव्यात. ३,००० च्या आसपास, टॉर्क शिखरावर असताना फट पडली तर क्लच सुटतोय.

५८,००० ला ऑइल बदललंय म्हणता, बरोबरच्या पद्धतीने बदललंय का ते विचारा. जी ०५२ १८२ ऑइल, बदलताना साधारण ५.२ लिटर लागतं, फिल्टर दर वेळी नवा. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल ३५ ते ४५ अंशांत असताना तपासायची, खालच्या बोल्टच्या भोकातल्या नळीतून जादा ऑइल थेंब-थेंब पडेपर्यंत. ऑइल ७० अंशांना असताना पातळी लावली तर ते फुगलेलं असतं, थंड झाल्यावर कमी भरतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के बसतात त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

फाइल करून घेताना ट्यूनरला आणखी एक सांगा: २,००० आरपीएमला टॉर्कचा डोंगर नको. ४०० न्यूटन मीटर २,८०० ते ३,००० च्या पुढे येऊ दे. कमी आरपीएमला जास्त दाब म्हणजे कनेक्टिंग रॉडवर ताण, आणि थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका तिथेच सगळ्यात जास्त. नॉक सेन्सरला तो वेळेवर आवरता येत नाही.

मावळवाट (पुणे)

तिघांचेही आभार. डायनोवर तीन ओढी घेतल्या, बाहेर ३८ अंश, दाब ९४८. तिसऱ्या ओढीचे आकडे:

इनटेक हवा सुरुवातीला ४६, शेवटी ७१ अंश.
५,५०० आरपीएमला मागितलेला बूस्ट १,९००, मिळालेला १,७४०. वेस्टगेट जवळजवळ बंद.
इग्निशन मागे: पहिला सिलिंडर १.५, दुसरा ४.५, तिसरा ५.२५, चौथा २.२५ अंश.
लॅम्डा ०.८४. रेलचा दाब मागणीप्रमाणे २०० बार.

झाकण ओढलं जात नाही, कूलंट कुठे झिरपत नाही, सगळं कोरडं-ठणठणीत.

चौथा_गिअर

छान लॉग आहे, यात उत्तर दिसतंय. पेट्रोलची बाजू निर्धोक: रेल २०० धरून आहे, लॅम्डाही ठिकाणावर. पण १६० मिलिबार कमी पडतायत आणि वेस्टगेट बंद आहे, म्हणजे टर्बो पूर्ण जोर लावतोय आणि हवा कुठे तरी निसटतेय. वेस्टगेटची झडप नीट टेकत नसेल तरी असंच दिसतं, पण ते पाहायला वेळ लागतो, म्हणून आधी गळती शोधा.

नुसता धूर सोडून भागणार नाही, धुराचं मशीन फार कमी दाबावर चालतं. टर्बोच्या इनलेटला बूच बसवून रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने ०.७ ते १ बार दाब हळूहळू चढवा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. टर्बोतून बाहेर पडणारा पाइप, इंटरकूलरची दोन्ही तोंडं, थ्रॉटलच्या आधीचा होज. जोडाखाली तेलकट काळा डाग असेल तर आधी तिथेच बघा. बूच हातात धरून दाब देऊ नका, एका बारलाही ते तोंडावर येतं.

तिसऱ्या सिलिंडरचे ५.२५ अंश मला आवडले नाहीत. एखाद्या सिलिंडरला क्षणभर ३ अंश मागे गेले तर मी दुर्लक्ष करतो. दोन सिलिंडर ४ च्या वर सलग जात असतील तर त्या पेट्रोलवर, त्या तापमानाला गाडीला आणखी बूस्ट देऊ नये.

कोल्हापुरी_पिस्टन

पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला ई१० पेक्षा चारेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ईसीयू ते लॅम्डा सेन्सर बघून भरून काढतो, पण लॉगमध्ये लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली टिकाऊ वाढ-घट) आधीच वर दिसली तर लगेच गळती समजू नका. उलट इथेनॉल हवा थंड करतं आणि नॉकला आवरतं, तेवढा फायदा आहे.

फाइल मात्र ज्या पेट्रोलवर गाडी रोज चालते त्यावरच करून घ्या. एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) वर ट्यून करून सावंतवाडीच्या पुढे साधं पेट्रोल भरायची वेळ आली तर ती फाइल घातक ठरेल. ट्यूनरकडून ९५ची आणि मूळ, अशा दोन फाइल लिहून घ्या. सर्व्हिस सेंटरला ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट केलं की रीमॅप पुसला जातो, त्यांना आधीच सांगून ठेवा.

मावळवाट (पुणे)

गळती सापडली. टर्बोच्या बाहेरच्या पाइपवरची सीलची रिंग जागेवर नीट बसलेली नव्हती, एका बाजूने चिमटली होती. नवी टाकली. आता ५,५०० ला १,९०० मागितले तर १,८८५ मिळतात. तिसरा सिलिंडर ३, दुसरा २.२५ अंश. दुपारीही वर ओढते. पण इनटेक हवा तिसऱ्या ओढीला अजून ६९ पर्यंत जाते. आता इंटरकूलर घ्यावा की फाइल?

दर्यावर्दी (मडगाव)

इंटरकूलर. यावर माझं मत पक्कं आहे. बाहेरच्या हवेपेक्षा ३१ अंश वर म्हणजे मूळ ताकदीलाच तो पुरा पडत नाहीये, फाइल टाकली की आणखी मागे पडेल. ओढीच्या शेवटी १५ ते २० अंशांचा फरक राहिला की समाधान मानावं.

चौथा_गिअर

सहमत, फक्त जाड गाभ्याचा सगळ्यात मोठा इंटरकूलर उचलू नका. तो रेडिएटरच्या पुढे बसतो, त्याच्या जाडीने रेडिएटरची हवा अडते, आणि ताम्हिणीसारख्या लांब चढावर कूलंट तापायला लागतं. बार-अँड-प्लेट प्रकार जड, एकदोन ओढींची उष्णता पोटात घेतो पण निवायला वेळ लावतो. ट्यूब-अँड-फिन हलका, लवकर निवतो. शहरातल्या गर्दीतून येऊन घाटाला लागणाऱ्या गाडीला मी दुसरा घेईन. बसवताना कडेच्या फटी फोमने बुजवा, नाहीतर हवा गाभ्यातून जायचं सोडून बाजूने निघून जाते. एवढं न केल्याने अनेकांचा निम्मा फायदा वाया जातो.

डाउनपाइप सोडा. त्यातला कॅटॅलिटिक (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा भाग) काढला की चेक लाइट येते, पीयूसी अडते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल कलम ५२ मध्ये बसत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट केलंय. रीमॅपचीही विमा कंपनीला लेखी कल्पना द्या, क्लेमच्या वेळी लपवाछपवी अंगाशी येते.

उरलेल्या पैशांत ब्रेक. डॉट ४ फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही हद्द १५५ पर्यंत उतरते. तुमच्याकडच्या पावसाळ्यांनंतर ट्रॅक डेच्या आधी ते बदललेलं नसेल तर चौथ्या फेरीत पेडल तळाला जाईल. ताकद वाढवायच्या आधी हे बदला, चारही चाकांतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. आणि टायरच्या बाजूवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी कोड बघा, पाच वर्षांवरचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढा.

इंटरकूलर बसला की त्याच डायनोवर, त्याच वेळेला, एसी बंद ठेवून पुन्हा तीन ओढी घ्या आणि आकडे इथे टाका. ट्यूनरला ९५ची फाइल सांगताना तेच लॉग हातात द्या.