घंगाळावरचं नाव

बालाघाटकर
गाव सांगत नाही. जुना उस्मानाबाद जिल्हा एवढं पुरे. वाटण्यांत माझ्याकडं तांब्याचं घंगाळ आलं, दोन कड्यांचं, जड. दिवाळीचं पहिलं पाणी आम्ही त्यातूनच घेत आलोय. परवा चिंच लावून घासताना काठाखाली घातलेलं नाव नीट दिसलं. उर्दूत आहे. लहानपणी मला ती नक्षी वाटायची!

ऐंशी पार केलेल्या आत्याला विचारलं. म्हणाली, "पोलीस ॲक्शनच्या साली आलंय ते." म्हणजे १९४८, भारताची फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली तेव्हा. कुणाचं? "गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचं. घर मोकळं झालं, भांडी आली." जशी काय चालतच आली. कुणी आणली, ते तिच्या वाक्यात नाही.

आजोबा तेव्हा विशीतले. मी १९८१चा. ह्यात माझा दोष किती? आणि घंगाळाचं काय करू?

मांजराकाठ
काही करू नका. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आमची कडब्याची गंजी पेटवली, पणजोबा सोलापूरकडं पळाले म्हणून वाचले. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी आमच्या लातुरातलाच वकील. त्याचा हिशेब कुणी द्यायचा?

बालाघाटकर
रझवीवर खटला चालला, १९५७पर्यंत तुरुंगात होता. पण भाऊ, तुमची गंजी ह्या पिंजाऱ्यानं पेटवली होती का?

मागवाला
भारत सरकारनं पाठवलेली सुंदरलाल समिती १९४८च्या अखेरीस इकडं फिरून गेली. पोलीस ॲक्शनमध्ये आणि त्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा सावध अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. त्याच अहवालात हेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या आड उभे राहिले, त्यात काहींचा जीव गेला. म्हणून "सगळं गावच तसं वागलं" हे मला पटत नाही. गाव लुटायला जात नाही हो, गण्या जातो, किसन्या जातो, आणि एखादा दाराला कडी लावून आत बसतो.

दोषाचं म्हणाल तर जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सनं हीच फोड केली: गुन्हा ज्याचा त्याचा, पण राज्याच्या करणीची जबाबदारी सगळ्या नागरिकांवर. तुम्ही चोर नाही. मात्र आता माहीत झालंय, त्यामुळे येत्या दिवाळीची अंघोळ आजोबांच्या नावावर टाकता येणार नाही.

उदगीरवाला
माझ्या दादीला एका पाटलांनी आठ दिवस बळदात लपवलं होतं. त्या घराचं नाव आमच्या पोरासोरांना पाठ आहे. लुटणारेही तिला ठाऊक होते, गावचेच. त्यांची नावं तिनं कधी घेतली नाहीत. का, ते विचारायचं राहून गेलं.

घंगाळ मोडीत घालू नका, एवढंच. फोटो टाका, नाव वाचून देतो. कुणी सोलापुरात, हैदराबादेत असेलही.

बालाघाटकर
टाकलाय. शेवटची दोन अक्षरं लागणार नाहीत, झिजलीत. पाऊणशे वर्षं आम्हीच घासलंय ते.