घराला रांग आणि तलावाला सोडत: उलटं करून बघायचं का?

खडूचा तुकडा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात मुलीचं नाव उन्हाळी पोहण्याच्या शिबिरात घातलं. सार्वजनिक तलाव, फी परवडणारी, त्यामुळे झुंबड. नोंदणी ऑनलाइन, सकाळी दहाला सुरू. पावणेदहापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन मोबाईल, एक लॅपटॉप, आणि मुलीचा फोटो कापून, आकार कमी करून तयार. दहा वाजून चार मिनिटांनी जागा मिळाली. दहा वाजून नऊ मिनिटांनी 'सर्व बॅच पूर्ण'. बायकोने मला टाळी दिली.

दुपारी आमच्या इमारतीत जिना झाडायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, माझ्या पोराचं पण घाला ना नाव त्या पोहायच्या वर्गात. बारा वर्षांचा आहे." त्या नऊ मिनिटांचं त्यांना काय सांगावं, कळेना.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. सवलतीच्या गोष्टी वाटायच्या आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हा. तलाव, मैदान, शिबिर यांना 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य'. म्हाडा-सिडकोच्या घरांना सोडत. माझ्या मते हे अगदी उलटं झालंय.

पोहणं शिकायची गरज सगळ्या पोरांना सारखीच. तीन आठवड्यांचा मामला, या खेपेला हुकलं तर पुढची बॅच आहे. अशा ठिकाणी आठवडाभर अर्ज घ्यावेत आणि चिठ्ठ्या टाकाव्यात. शाळेतल्या 25 टक्के आरटीई जागांना सोडत चालते, तर तलावाला का नको? घराची गरज मात्र दर वर्षी साचत जाते. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या 2023 च्या सोडतीत 4082 घरं होती आणि पात्र अर्ज एक लाख वीस हजारांच्या घरात. म्हणजे ढोबळमानाने तिसात एक. (गटागटात फरक पडतो, माहीत आहे.) तेवढीच शक्यता धरून एखाद्याने 14 वेळा अर्ज केला, तरी तो रिकाम्या हाताने परतायची शक्यता शंभरात बासष्ट आहे. आणि पंधराव्या वेळी तो काल पहिल्यांदा अर्ज केलेल्या माणसाच्या शेजारी, त्याच ओळीत. घरासाठी ज्येष्ठतेची प्रतीक्षा यादी हवी, तीही गरजेनुसार गुण देऊन.

बोला.

गॅलरीतली तुळस

तलावाबद्दल पूर्ण सहमत. घराबद्दल शून्य.

रांग कागदावर फार गोड दिसते हो. रांगेचा क्रमांक ही विकायची वस्तू असते. 'साहेबांशी बोललोय, तुमचं नाव वर घेतो' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना संगणकाच्या सोडतीचं मोल कळेल. सोडतीत वर घ्यायला 'वर' नावाची जागाच नसते. म्हणून हल्ली दलाल सोडतीत घर लावून देतो म्हणतो तेव्हा तो निव्वळ थापा मारत असतो. रांग आणा, मग त्याच्या थापा खऱ्या व्हायला लागतील.

आणि गरजेचे गुण कोण देणार? माझी गरज दहापैकी सात आणि शेजारणीची साडेसात, हे ठरवणारा माणूस म्हणजे परत एक टेबल. टेबल म्हटलं की टेबलाखालूनही आलंच.

फुकटचा सल्ला

घरालाही 'प्रथम येणाऱ्यास' आहे बरं का. विरार-बोळींजची म्हाडाची घरं सोडतीत खपली नाहीत, मग तीच 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' म्हणून काढली. म्हणजे हवंहवंसं असेल तर चिठ्ठी, नको असेल तर या आणि घेऊन जा. तत्त्व वगैरे काही नाही यात, माल कसा उठतो त्यावर पद्धत ठरते.

शिट्टीवाला

मी मुलांना कबड्डी आणि खो-खो शिकवतो, वीसेक वर्षं झाली. खेळाच्या शिबिराला सोडत लावायची कल्पना घरात बसून चांगली वाटते. मैदानावर काय होतं ते सांगतो.

एका वर्षी आम्ही हे करून पाहिलं होतं. 40 जागा, अर्ज शंभराच्या वर, चिठ्ठ्या काढल्या, पेढे वाटायचेच बाकी होते. पहिल्या दिवशी 40 पैकी 26 पोरं आली. चौथ्या दिवशी 19. ज्यांना लागली त्यांच्यातल्या निम्म्यांनी 'भरून तर ठेवू' म्हणून फॉर्म भरलेला. अर्ज फुकट, लागलं तर बघू. आणि ज्या पोराचा बाप पहाटे येऊन गेटपाशी उभा राहिला असता, ते पोर बाहेर. रांगेत उभं राहणं हीसुद्धा एक परीक्षाच असते. कोणाला किती हवंय ते कळतं तिथे.

आणखी एक, म्हणजे वय. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे शालेय गट आहेत ना, तिथे नोंदणीच्या वेळी जन्मदाखला पाहताना काय काय बघावं लागतं ते विचारू नका. दाढी फुटलेला चौदा वर्षांचा पोरगा मी स्वतः पाहिलाय. 16 वर्षांखालच्या क्रिकेटला बीसीसीआय मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघते, ते उगाच नाही. ऑनलाइन फॉर्मवर तारीख टाईप करायला काय लागतं? मुलाला समोर बघून नाव घालण्यात एक शहाणपण होतं, ते पोर्टलमध्ये गेलं. थोडं विषयांतर झालं, पण हे कुठेतरी बोलायचंच होतं.

खडूचा तुकडा

शिट्टीवाले, 40 पैकी 26 चा मुद्दा मानला. पण यावर साधा उपाय आहे. पहिले दोन दिवस न आलेल्याची जागा तिसऱ्या दिवशी प्रतीक्षा यादीला द्यायची. आणि गेटपाशी पहाटे उभा राहणारा बाप म्हणता, त्या बापाला सकाळी सातची पाळी असेल तर? त्याला 'कमी हवंय' असं म्हणायचं का? आमच्या ताई सकाळी दहाला तिसऱ्या इमारतीचा जिना झाडत असतात.

सेतूवाला

मी दाखले काढून देण्याचं काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक रोज टेबलासमोर येतात. तुमचा वाद चुकीच्या जागी चाललाय. रांग की सोडत हे नंतरचं. बरेच लोक तिथवर पोहोचतच नाहीत.

म्हाडाच्या सोडतीत पूर्वी अर्ज भरायचा, अनामत भरायची, आणि घर लागलं तर मग कागद गोळा करायचे. 2023 पासून कागद आधी. आधार, पॅन, अधिवास दाखला, विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आरक्षणातून भरायचं तर जातीचे कागद. हे अपलोड होऊन नोंदणी पक्की झाली की मगच अर्ज. चांगली बाजू मान्य: लागलेलं घर कागदाअभावी जाणं कमी झालं आणि देकारपत्र लवकर हातात पडतं. पण आता गाळणी दारातच आहे.

कालचंच सांगतो. एक रिक्षावाले आले होते. आधारवर नाव 'दत्तात्रय', पॅनवर 'दत्तात्रेय', शाळेच्या दाखल्यावर 'दत्तू'. जुना हाताने लिहिलेला अधिवास दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, घडीवर फाटलेला. बारकोडवाला लागतो म्हटलं तर म्हणाले, "मी काय तेव्हापासून राज्य बदललं का?" काय उत्तर देणार? उत्पन्नाच्या दाखल्याला त्यांनी स्वघोषणापत्र भरलं आणि उत्पन्नाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "खरं लिहू की बसेल ते लिहू?" मुंबईत अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला 6 लाख, अल्प गटाची 9 लाख. ते दोन्हीकडे बसत होते. पण कुठल्याही मर्यादेची धास्ती अशी की खरं सांगायलाही माणूस बिचकतो.

खडूभाऊ, तुमच्या गुणांच्या यादीला तर याच्या दुप्पट कागद लागतील.

गॅलरीतली तुळस

सेतूवाले, नमस्कार तुम्हाला. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा बरा मांडलात.

नाव नको

236 रुपये. एवढंच लिहितो.

बरं, सविस्तर. 2024 च्या ऑक्टोबरात सिडकोने 26,000 घरांची योजना काढली, नोंदणी शुल्क 236 रुपये, परत न मिळणारं. किमती कळल्या जानेवारी 2025 मध्ये. आधी नाव घाला, मग आकडा सांगतो! आकडे पाहून कितीतरी लोक तिथल्या तिथे मागे फिरले. नोंदणी कशाची करतोय हे नोंदणीच्या वेळी कळावं, एवढी माफक अपेक्षा ठेवायची की नाही? रांग लावा नाहीतर सोडत, दुकानाबाहेर भावफलक तर लावा.

गिरणगावची लेक

वाचत होते, बोलणार नव्हते. पण प्रतीक्षा यादी कशी असते ते आमच्याइतकं कोणी जवळून पाहिलेलं नसेल.

वडील गिरणीत जॉबर होते. 1982 चा संप, पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज घेतले गेले, दीड लाखाहून जास्त. त्या यादीतूनच सोडत काढतात, पहिली 2012 मध्ये. बाहेरचा कोणी तिच्यात घुसू शकत नाही. म्हणजे खडूभाऊ म्हणतात तशी आठवण ठेवणारी यादीच ही. वडील गेले तेव्हा अर्जाची पावती आईकडे आली, आई गेल्यावर माझ्याकडे. वारस म्हणून माझं नाव लागलं. पावतीवर वडिलांचा अंगठ्याएवढा फोटो आहे, गिरणीच्या ओळखपत्रावरून काढलेला. त्यात ते माझ्या आत्ताच्या वयाचे दिसतात.

तर तुळसताईंना सांगते: यादी वाईटच असं नाही. नेहमीच्या सोडतीत वडील गेले असते तर त्यांचा अर्जही त्यांच्याबरोबर गेला असता. इथे निदान हक्क घरात राहिला. आणि खडूभाऊंना: आठवण ठेवणारी यादी हवी म्हणता, तर हेही बघा की तिच्यामुळे माणूस जागा सोडून जात नाही. माझ्या भावाला गावी बरं काम होतं. 'नंबर लागेल' म्हणून तो इथे दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत अकरा वर्षं राहिला. सोडत हरली की माणूस रडतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. यादी तसं करू देत नाही.

शिट्टीवाला

ताई, यावर काय बोलावं. वाचून थांबलो दोन मिनिटं.

आकडेमोड

खडूचा तुकडा यांच्या मूळ मुद्द्याकडे परत येतो, कारण दोन्हीच्या मधली वाट आहे आणि ती वापरात आहे. सिंगापूरमध्ये सरकारी घरांना सोडतच असते, पण पहिलं घर घेणाऱ्याचा नंबर वारंवार हुकला तर पुढच्या वेळी त्याला जादा संधी मिळते. म्हणजे टोपीत त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढतात. टेबलही नको, गुणही नकोत. आपल्याकडे नोंदणी आता कायमची केली आहे, म्हणजे कोण किती वेळा हरलं ही माहिती संगणकात आहेच. वापरायची एवढंच.

फुकटचा सल्ला

आणि मग पन्नास टक्के आरक्षणाची टोपी वेगळी असते, तिथेही चिठ्ठ्या वाढवायच्या का, तेही सांगा. पत्रकार अडीच टक्के, कलाकार दोन, आमदार-खासदार दोन. लोकप्रतिनिधी किती वेळा हरले म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या वाढवायच्या? 2023 च्या त्याच सोडतीत ताडदेवला 7 कोटी 57 लाखांचं घर होतं. 'परवडणारं' हा शब्द तेवढा जपून वापरा राव.

गॅलरीतली तुळस

आकडेमोड यांची सूचना मला चालेल. फक्त अट अशी: आधी हरलेला म्हणजे अनामत भरून हरलेला. नाहीतर एका घरातले आठ जण आजपासूनच हरायला सुरुवात करतील.

सेतूवाला

अनामत भरून म्हणता ताई, पण 2023 ला मुंबईत अत्यल्प गटाची अनामत 25 हजार होती. परत मिळते खरी, पण तोवर ती उभी करायला लोक पतपेढीत जातात. त्यांचं हरणं व्याजासकट असतं. तेव्हा हरण्याचा हिशोब ठेवायचाच तर तो याच लोकांचा आधी ठेवावा लागेल. या बाबतीत मी खडूभाऊंच्या बाजूला सरकलो असं समजा.

खडूचा तुकडा

गिरणगावच्या ताई, तुमच्या भावाचं वाचल्यावर माझी शुद्ध ज्येष्ठतेची यादी मी मागे घेतो. जादा चिठ्ठ्यांवर मात्र ठाम आहे. आणि तलावाच्या सोडतीवर तर आहेच. शिट्टीवाल्यांची पोरं कितीही गळोत.

आता एक कामाची गोष्ट, सेतूवाल्यांसाठी. पुढच्या बॅचला ताईंच्या मुलाचं नाव मीच घालणार होतो, तीन मोबाईल आहेतच. काल त्यांनी जन्मदाखला आणून दिला. त्यावर आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, तारीख आहे, रुग्णालयाचा शिक्का आहे. मुलाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाच्या आधीच नोंद झाली, नंतर कोणी गेलंच नाही. फॉर्ममध्ये दाखल्यावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं पाहिजे म्हणतात. आता?

सेतूवाला

असे दाखले आठवड्याला दोन-तीन येतात. बारा वर्षांचा आहे ना? मग वेळ आहे, 15 वर्षांपर्यंत नाव घालता येतं. पहिल्या वर्षात फुकट होतं, आता विलंब शुल्क पडेल, ते किरकोळ असतं. जिथे जन्माची नोंद झाली त्याच निबंधकाकडे जायचं, दुसरीकडे नाही. शाळेचा बोनाफाईड, आईवडिलांचं आधार आणि मूळ दाखला न्या. स्पेलिंग शाळेत आहे तेच घाला, अक्षर न् अक्षर, आणि लिहून घेणाऱ्याच्या स्क्रीनकडे बघत उभे राहा. माझ्याकडे आले तर अर्ज भरून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. बॅच कधीची आहे?

खडूचा तुकडा

पंधरा तारखेची. दहा वाजता.