जिममधल्या ट्रेनरचा न मागितलेला सल्ला नम्रपणे थांबवावा कसा?

अबोली (ठाणे)

नमस्कार. माझे वय ४९ आहे आणि घोडबंदर रस्त्यावरच्या एका जिममध्ये मी गेले चौदा महिने आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सातच्या सुमारास जाते. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्यातील कूर्चेची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून माझ्या फिजिओथेरपिस्ट मला व्यायामाचा क्रम लिहून देतात आणि दर सहा आठवड्यांनी तो बदलतात. सध्या त्यात बाकाला टेकेपर्यंत सावकाश खाली जाण्याचे स्क्वॉट, जमिनीवरची वजनाची दांडी उचलण्याचे डेडलिफ्ट आणि यंत्राची वरची दांडी छातीकडे ओढण्याचे लॅट पुलडाऊन आहेत. खाली जाताना मनात चार आकडे मोजायचे असतात, आणि प्रत्येक सेटनंतर मी वजन व आवर्तने वहीत लिहिते.

अडचण अशी आहे की हे चार आकडे मला क्वचितच पूर्ण मोजू दिले जातात. सेट अर्धा झाला असताना कोणीतरी शेजारी येऊन उभे राहते आणि ‘मॅडम, स्पीड वाढवा’, ‘मॅडम, गुडघा पंजाच्या पुढे जातोय’, ‘मॅडम, आधी वीस मिनिटे कार्डिओ करा, पोट उतरेल’ असे काहीतरी सांगू लागते. यात जिमने नेमलेले फ्लोअर ट्रेनर असतात, तसेच दुसऱ्या सभासदांना पैसे घेऊन शिकवणारे, स्वतःचा क्लायंट धापा टाकत असताना माझ्याकडे पाहणारे पर्सनल ट्रेनरही असतात. गेल्या सोमवारी तर मी पुलडाऊनची दांडी सोडल्याबरोबर एकाने मला काहीही न विचारता वाकून वजन ठरवणारी पिन काढली, पंचवीस किलोवरून पंधरावर लावली आणि ‘या वयात हेवी नको मॅडम, रेप्स वाढवा, दंडाची चरबी जाईल’ असे सांगून तो निघून गेला. मी पिन पुन्हा पंचवीसवर लावली, पण तिसरा सेट रागातच झाला आणि वहीत काय लिहायचे तेही विसरले.

ही मुले माझ्या मुलाच्या वयाची आहेत, बोलायला अदबशीर आहेत आणि त्यांना व्यवस्थापकाची बोलणी बसावीत अशी माझी इच्छा नाही. शिवाय त्यांच्या दहा सूचनांपैकी एखादी खरोखर उपयोगाची असेल, ही शंकाही मनात राहतेच. मग थांबवावे कसे आणि ऐकावे कोणते? कानात हेडफोन घालून पाहिले. ते खुणेने बोलतात.

पूर्वाश्रमीचा ट्रेनर (पुणे)

अबोलीताई, मी चार वर्षे फ्लोअर ट्रेनर होतो, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून उत्तर देत आहे असे समजावे. आमच्या जिममध्ये फ्लोअरचा पगार इतका तुटपुंजा होता की खोलीचे भाडे आणि अंडी यांतच तो संपत असे. खरी कमाई पीटीची, म्हणजे वैयक्तिक प्रशिक्षणाची, आणि त्या शुल्कातलाही मोठा वाटा जिमकडे जाई. दर महिन्याला टार्गेट असे. प्रत्येक पाळीत किमान पाच सभासदांशी ‘संवाद’ साधून त्यांची नावे रजिस्टरमध्ये लिहावी लागत, आणि संवाद साधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे समोरच्याची एखादी चूक दाखवणे. चूक दिसली नाही, तर वेग, श्वास किंवा पोट यांपैकी काहीतरी हाताशी असतेच. एकट्याने व्यायाम करणाऱ्या, चाळिशीपुढच्या आणि हातात वही असणाऱ्या बाई म्हणजे मनापासून व्यायाम करणाऱ्या आणि म्हणून पीटी घेण्याची शक्यता असलेल्या सभासद, असा आमचा हिशेब असे. आपली वहीच आपल्याला नडते आहे.

उपाय साधा आहे, पण तो सेटच्या मध्ये करू नये. व्यायाम सुरू करण्याआधी, मुले काउंटरपाशी रिकामी उभी असताना, आपणच त्यांच्याकडे जावे आणि सांगावे, ‘माझा कार्यक्रम फिजिओने ठरवून दिला आहे, मी वर्षभर पीटी घेणार नाही, आणि काही विचारायचे झाले तर मी स्वतः हाक मारीन.’ या वाक्यातला मधला भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तो गाळला तर उरलेले दोन भाग म्हणजे ‘अजून थोडा प्रयत्न कर’ असे निमंत्रण ठरतात. पीटी मिळणार नाही हे एकदा स्पष्ट झाले की रजिस्टरसाठी दुसरे नाव शोधले जाते. हे बोलणे व्यवस्थापकाच्या कानावरही घालावे. ती तक्रार होत नाही. उलट मुलाला ‘त्या मॅडमशी का बोलला नाहीस’ हा प्रश्न येत नाही, म्हणजे त्याचीही सुटका होते.

विचारल्याशिवाय पिन बदलणे मात्र आमच्या काळीही उद्धटपणाच मानला जाई.

मृण्मयी (नाशिक)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त ‘ऐकावे कोणते’ या भागाविषयी लिहिते. अबोली यांच्या गुडघ्याची तपासणी मी केलेली नसल्यामुळे त्यांच्या फिजिओंचे म्हणणे माझ्या म्हणण्यापेक्षा वरचढ मानावे.

‘गुडघा पंजाच्या पुढे जाऊ देऊ नका’ हा सल्ला जवळपास प्रत्येक जिममध्ये ऐकू येतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात पुरुषांकडून खांद्यावर दांडी घेऊन दोन प्रकारे स्क्वॉट करवून घेतले होते: एकदा मोकळेपणाने, आणि एकदा पुढे फळी लावून, म्हणजे गुडघा पंजाच्या पुढे जाऊच शकणार नाही अशा रीतीने. फळी लावल्यावर गुडघ्यावरचे बलआघूर्ण, म्हणजे सांधा वळवू पाहणारा जोर, सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाले, पण खुब्याच्या सांध्यावरचे दहापटीहून अधिक वाढले, कारण माणूस तोल सांभाळण्यासाठी कमरेतून पुढे झुकतो. अभ्यास लहान आहे, तरी मुद्दा स्पष्ट आहे: भार नाहीसा होत नाही, तो सरकतो. एखाद्याला तो गुडघ्यावरून हलवणे हितकारक असते, तर पाठ दुखणाऱ्याला नेमके तेच महागात पडते. कोणासाठी काय योग्य हे रुग्णाचा इतिहास विचारल्यावर ठरते, आणि इतिहास विचारणारा ट्रेनर जिममध्ये विरळाच भेटतो.

दंडाच्या व्यायामाने दंडाचीच चरबी उतरते हाही गैरसमज आहे. शरीर चरबी कोठून काढायची ते स्वतः ठरवते. ‘या वयात हेवी नको’ हे विधान तर उलटे आहे. रजोनिवृत्तीच्या आसपास हाडांची घनता झपाट्याने घटू लागते, आणि योग्य प्रकारे वाढवत नेलेले वजन उचलणे हा तिच्या रक्षणाचा एक चांगला मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत.

आता ऐकायचे काय? उपकरणासंबंधीची सूचना नेहमी ऐकावी: दांडीच्या टोकाचा क्लिप लावलेला नाही, दांडी ठेवण्याच्या रॅकचे आडवे दांडे चुकीच्या उंचीवर आहेत, बाक डगमगतो आहे. अशी सूचना सेटच्या मध्ये आली तरी थांबावे. वेग, आहार, पोट आणि प्रोटीन पावडर यांविषयीच्या सूचनांना घाई नसते.

बैठकवाला (कोल्हापूर)

माझे मत जरा वेगळे आहे. आम्ही तालमीत वाढलो. लाल मातीत उतरल्यावर वस्ताद न विचारताच टोकणार हे गृहीतच असायचे, आणि आठवडाभर वस्तादांनी टोकले नाही तर आपल्यावरचे लक्ष उडाले की काय, या विचाराने पोराला रात्री झोप लागायची नाही. जोर काढताना पाठीत थाप बसली की खांदा कोठे चुकला ते कळायचे. (जाता जाता: आपल्या देशी बैठकेत टाचा उचलल्या जातात आणि गुडघे पंजाच्या बरेच पुढे जातात. मृण्मयीताईंनी सांगितलेला नियम वस्तादांना कोणी ऐकवला असता, तर त्यांनी त्याला आधी पाचशे बैठका काढायला लावल्या असत्या.) जाणत्याने टोकणे हा व्यायामशाळेचा धर्मच आहे आणि पैसे भरले म्हणून मला कोणी काही सांगू नये, ही वृत्ती मला पटत नाही.

पूर्वाश्रमीचा ट्रेनर (पुणे)

बैठकवाले दादा, आपल्या वस्तादांनी आपल्याला किती वर्षे पाहिले होते? घरी काय खाता, कोणता खांदा पूर्वी निखळला होता, हे त्यांना ठाऊक होते, आणि आपल्याला टोकल्याबद्दल त्यांच्या खात्यात काहीही जमा होत नव्हते. मी सभासदाला पहिला सल्ला द्यायचो तेव्हा त्याला पाहून मला चार मिनिटे झालेली असत आणि नाव संगणकावर बघून आलेलो असे. दोन्हींना एकाच तागडीत घालू नये.

बैठकवाला (कोल्हापूर)

हे मान्य. चार मिनिटांच्या ओळखीवर वस्तादांनीही कोणाला टोकले नसते, पहिले काही दिवस ते नुसते बघत बसायचे.

केतकी (मुंबई)

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. माझ्या बाबतीत सल्ला शब्दांवर थांबला नव्हता. डेडलिफ्ट करताना ‘पाठ सरळ’ म्हणत ट्रेनरने न विचारता माझ्या कमरेवर हात ठेवला. त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, पण वजन हातात असताना दचकल्याने मला इजा होऊ शकली असती. मी दांडी खाली ठेवली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, ‘हात लावण्याआधी विचारायचे.’ त्याच दिवशी व्यवस्थापकांना ईमेल पाठवला. तोंडी तक्रार सायंकाळच्या पाळीपर्यंतही टिकत नाही, लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

हेतूच वाईट आहे असे कोणाला जाणवले तर संकोच करू नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करणारी स्त्री तेथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. शुल्क परत मिळण्यावरून वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

अबोली (ठाणे)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नव्हते. मी काउंटरपाशी जाऊन पूर्वाश्रमीच्या ट्रेनरांनी सांगितलेले वाक्य मधल्या भागासकट म्हटले. पिन बदलणारा मुलगा ओशाळला आणि ‘सॉरी मॅडम, आम्हाला बोलावंच लागतं’ एवढेच म्हणाला. नंतर त्यानेच विचारले, की खाली जाताना तुम्ही काय मोजता? मी वही दाखवली. चौदा महिन्यांत मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न होता.

गेल्या शुक्रवारी मी स्क्वॉटला उभी राहत असताना तो लांबून आला, माझा सेट सुरू झालेला नाही याची खात्री करून घेतली आणि रॅकचा डावा आडवा दांडा उजव्यापेक्षा एक भोक खाली असल्याचे दाखवले. खरोखरच तो खाली होता. मी आधीच्या माणसाने लावलेला रॅक न पाहताच वापरायला घेतला होता.

एका पर्सनल ट्रेनरवर मात्र उपाय सापडलेला नाही. तो आता एक शब्दही बोलत नाही, आरशासमोर उभा राहून माझ्याकडे बघत नुसती मान हलवतो.